कुशाबाई आणि मुगळवणी

कुशाबाई पहिल्यांदा वर्गाच्या दारात उभ्या राहिल्या तेव्हा मी त्यांना कुणाची तरी आई समजले. बारामतीतल्या आमच्या कॉलेजात दर रविवारी दूरशिक्षणाच्या बी.ए.चे वर्ग भरतात. कारखान्यात, दुकानात, एमआयडीसीत कामाला असणारी मुलंमुली तिथं येतात. पोरांचे फॉर्म भरायला आलेल्या पालकांना मी ऑफिसकडे पाठवते, तसं त्यांनाही पाठवलं. त्या गेल्या, पाच मिनिटांनी परत आल्या आणि दुसऱ्या बाकावर बसल्या. "हापिसात म्हनले, ह्योच वर्ग," एवढंच बोलल्या आणि पिशवीतून वही काढली.

वय सत्तावन्न. माहेर इंदापूर तालुक्यातलं पळसदेव, सासर बारामतीजवळचं पिंपळी. सातवीत शाळा सुटली. पुढची चाळीस वर्षं दोन एकरांत माळवं पिकवण्यात गेली. वांगी, गवार, दोडका, मेथी. पन्नाशी उलटल्यावर त्यांनी बाहेरून दहावी केली, मग बारावी. बारावीच्या सरावात त्यांनी एका निबंधात "आमच्याकडे माळवं असतं" असं लिहिलं होतं. तपासणाऱ्यानं "माळवं" या शब्दाभोवती लाल गोल करून वर "भाजीपाला" असं लिहिलं. तो कागद त्यांनी मला एकदा दाखवला होता. रागानं नाही. आपला रोजचा शब्द चुकीचा कसा ठरला, याचं त्यांना खरोखरच कुतूहल होतं.

दुसऱ्या वर्षाला समाजशास्त्राचा प्रकल्प असतो. तो विषय मीच शिकवते. कुशाबाईंनी प्रकल्पाचं नाव दिलं, 'पिंपळी आणि पळसदेव इथल्या बायकांच्या शेतकामाचे शब्द'. मी होकार दिला. खरं सांगायचं तर फार अपेक्षा न ठेवता दिला.

त्या वर्षी आमच्या केंद्रावर एक नवीच अडचण उभी राहिली होती. एक्केचाळीस प्रकल्प आले, त्यातल्या अकरांचे मथळे एकसारखे. प्रस्तावना, महत्त्व, आव्हाने, उपाययोजना, समारोप. गावं वेगळी, तालुका वेगळा, पण वाक्यं जुळी भावंडं वाटावीत अशी. एका विद्यार्थ्याच्या शेवटच्या पानावर तर "तुम्हाला हवं असल्यास मी याचं सादरीकरणही तयार करून देऊ शकतो" हे वाक्य तसंच राहून गेलं होतं. त्यानं स्वतःचा प्रकल्प एकदाही वाचला नव्हता, हे त्या एका ओळीनं सांगितलं.

आमचे केंद्रसंयोजक दीपक सर चिडले. ते काटेकोर माणूस. त्यांनी कुठून तरी एक तपासणीचं सॉफ्टवेअर मिळवलं. मजकूर त्यात टाकायचा, तो माणसानं लिहिलाय की एआयनं, ते टक्क्यांत कळतं, असं त्यावर लिहिलेलं. सरांनी सगळे प्रकल्प टाकले. शेवटचं वाक्य खोडायचं विसरलेला तो मुलगा चाळीस टक्क्यांवर सुटला. सर्वांत वर नाव आलं कुशाबाईंचं. ब्याण्णव टक्के.

मी त्या आकड्याकडे पाहिलं आणि माझा त्यावर विश्वास बसला. हे लिहिताना आजही अवघड जातं. प्रकल्प मी तोवर चाळला होता. वाक्यं छोटी, नेटकी, एकेका शब्दाचा अर्थ सारख्या घडणीत सांगितलेला. मला वाटलं, सातवी शिकलेली बाई असं कुठं लिहिणार. यंत्राचा निकाल माझ्या मनात आधीच असलेल्या शंकेला सोयीचा होता, म्हणून तो मला खरा वाटला.

पुढच्या रविवारी आम्ही त्यांना बोलावलं. वर्ग सुटल्यावर त्या आल्या, खुर्चीच्या कडेवर बसल्या. दीपक सरांनी निकालाचा कागद समोर ठेवला आणि एआयची मदत घेतली का, असं सरळ विचारलं.

"घेतली की," कुशाबाई म्हणाल्या. "तीन आठवडं रोज बोलत हुते त्याच्याशी. त्यात लपवायचं काय?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. प्रकरण संपल्यासारखंच होतं. पण कुशाबाईंनी पिशवीतून फोन काढला, दोन वह्या काढल्या आणि टेबलावर मांडल्या. म्हणाल्या, "समदं हाय ह्यात. बोललेलं पुसलं न्हाय मी. तुमी बघा, मग सांगा काय ते."

मी फोन हातात घेतला. सून प्रगतीनं त्यांना तोंडानं बोलून विचारायची सोय करून दिली होती. दुपारी जेवणाच्या सुट्टीत, बांधावर बसून, त्या फोनशी बोलायच्या. त्यांचं बोलणं जसंच्या तसं अक्षरांत उमटलेलं होतं, काही शब्द मोडतोड होऊन.

पहिला प्रश्न होता वापशाचा. पाऊस पडून गेल्यावर किंवा पाणी दिल्यावर रान ना चिखल ना कोरडं अशा स्थितीत येतं, तो वापसा. त्या वेळीच पेरणी करायची असते. फोननं त्याचं उत्तर असं दिलं होतं की मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत पाणी आणि हवा दोन्ही असतात, मुळांना दोन्ही लागतात, आणि त्यांचं प्रमाण जुळतं तो क्षण म्हणजे वापसा. कुशाबाईंनी त्याखाली पुन्हा बोलून ठेवलं होतं, "मी चाळीस वर्सं पायानं वळखते वापसा. का ते आज कळलं." त्या दिवशी त्यांनी आणखी काहीच विचारलं नव्हतं. मला सांगताना म्हणाल्या की उत्तर वाचून त्या पुन्हा रानात जाऊन अनवाणी उभ्या राहिल्या. पायाखालच्या मातीत इतकं काय काय चाललेलं असतं, याचं त्यांना नवल वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सावड विचारली. आज मी तुझ्या रानात राबायचं, उद्या तू माझ्या, मजुरी कुणी कुणाला द्यायची नाही, ही ती पद्धत. फोननं अर्थ दिला होता, अंत्यविधीनंतर तिसऱ्या दिवशी अस्थी गोळा करण्याचा विधी.

"सावडायला जात्यात ते येगळं," कुशाबाई म्हणाल्या. "आमी एकमेकीच्या रानात जातो, ह्यानं आमाला मसनात नेलं."

दीपक सर हसले. मग सावरून बसले. पण चूक सापडली म्हणून कुशाबाईंनी फोन बाजूला टाकला नव्हता, हे पुढचं वाचताना दिसत गेलं. त्यांना दुसरंच काही खटकलं होतं. वापसा बरोबर सांगताना आणि सावड चुकीची सांगताना त्याचा सूर अगदी एकच होता. तीच खात्री, तीच सफाई. माणूस अडखळतो, डोकं खाजवतो, "तसंच असंल बघा" म्हणतो. त्यावरून त्याला किती ठाऊक आहे ते समजतं. इथं तसलं काहीच हाती लागत नव्हतं.

मग त्यांनी त्याची परीक्षा घेतली.

त्यांनी एक शब्द बनवला. बसल्या जागी, मनानं. मुगळवणी. असा शब्द पिंपळीत नाही, पळसदेवात नाही, कुठंच नाही. आणि फोनला विचारलं, मुगळवणी म्हणजे काय?

उत्तर आलं होतं की मुगळवणी म्हणजे मूग पेरल्यानंतर रानाला दिलं जाणारं पहिलं हलकं पाणी. पश्चिम महाराष्ट्रातल्या कोरडवाहू भागात ही प्रथा जुनी आहे. हे पाणी सकाळच्या वेळी देतात आणि शक्यतो घरातली वडीलधारी स्त्री ते देते. खाली एका पुस्तकाचं नावही होतं. मी नंतर ते ग्रंथालयात आणि इंटरनेटवर शोधलं. असं पुस्तक नव्हतंच.

"इतकं झ्याक सांगितलं त्यानं," कुशाबाई म्हणाल्या, "की मलाच वाटाया लागलं, असंल बाई. मी केलेला शब्द, तरी."

मी गेली दोन वर्षं एआयवरच्या कार्यशाळांना जात होते. पुण्याला दोनदा जाऊन आले होते. तिथं सांगितलं होतं की ही यंत्रं कधी कधी खोटी माहिती आत्मविश्वासानं देतात. मी ते वहीत लिहून घेतलं होतं आणि वर्गात तसंच वाचून दाखवलं होतं. ते तपासून कसं पाहायचं, हे मला सुचलं नव्हतं. बांधावर भाकरी खाता खाता या बाईला ते सुचलं.

पुढं वाचत गेले तेव्हा कळलं की त्यांनी त्या दिवसानंतर वागणंच बदललं. अर्थ विचारणं बंद. फोनला त्यांनी सांगून टाकलं होतं, "आता तू सांगू नगंस. मला इचार. मी सांगते ते ऐक, आन् जितं कमी पडतंय तितं इचार." आणि यंत्र खरोखरच विचारू लागलं होतं. न थकता, न कंटाळता, एका बाईच्या कामाबद्दल एकामागून एक प्रश्न. उसाचं पाचट कोण काढतं, वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, मोळ्या कोण बांधतं, हे काम पुरुष करतात तेव्हा त्याला तोच शब्द असतो का? कुशाबाई म्हणाल्या, चाळीस वर्षांत कुणी एवढं विचारलं नव्हतं. काही उत्तरं त्यांना स्वतःलाच नवी होती. विचारल्यावर ती त्यांच्यातून निघाली. प्रत्येक उत्तर त्यांनी आधी वहीत हातानं लिहिलं होतं, मग गावातल्या दोन तरी बायकांना विचारून पक्कं केलं होतं. समासात त्या बायकांची नावं होती. प्रकल्पातली नेटकी वाक्यं या वहीतलीच होती.

असाच एक प्रश्न पातीबद्दल आला. रान भांगलताना बायका ओळीनं बसतात. प्रत्येकीच्या वाट्याला आलेला पट्टा म्हणजे तिची पात. फोननं विचारलं होतं की एखादी बाई मागं पडली तर काय होतं?

कुशाबाईंनी दिलेलं उत्तर प्रकल्पाच्या सतराव्या पानावर होतं. मी ते घाईत चाळून गेले होते. आता नीट वाचलं. आजारी बाई असेल, दिवस गेलेली असेल, म्हातारी असेल, तर तिला मधोमध बसवतात. दोन्ही बाजूंच्या बायका आपली पात करता करता तिच्या पातीतलं हातभर हातभर तण काढत जातात. सगळ्यांच्या पाती एकदम बांधाला लागतात. शेतमालकाला कळत नाही कोण मागं पडलं होतं. त्या बाईलाही कुणी बोलून दाखवत नाही.

फोननं पुढं विचारलं होतं, या पद्धतीला तुमच्याकडे काय म्हणतात?

तिथं कुशाबाई अडल्या. त्यांना शब्द आठवेना. पिंपळीतल्या बायकांना विचारलं, त्याही एकमेकींकडे बघत राहिल्या. मग एक दिवस काम मोडून त्या पळसदेवला गेल्या. भावजय सिंधुबाई तिथं असते, सत्तरी ओलांडलेली. तिच्या ओळखीच्या चार-पाच म्हाताऱ्यांना गाठलं. सगळ्यांनी आयुष्यभर हे केलेलं. शब्द कुणाकडेच नव्हता. सिंधुबाई म्हणाली, त्याला नाव ठेवलं तर त्या बाईला कळंल की.

कुशाबाई परत आल्या आणि त्यांनी फोनलाच विचारलं, तुला ठाऊक आहे का? त्यानं क्षणात शब्द दिला. शब्द देखणा होता. कुणालाही खरा वाटला असता. अर्थासकट, उदाहरणासकट.

मी प्रकल्पाचं सतरावं पान पुन्हा पाहिलं. बाकी प्रत्येक शब्दापुढं अर्थ होता. या उताऱ्याच्या वर शब्दाची जागा मोकळी सोडलेली होती. खाली लिहिलं होतं: 'या कामाला आमच्यात शब्द नाही. एआयने एक दिला होता. तो मी घेतला नाही.'

मी बरीच वर्षं शिकवते आहे. प्रबंध वाचले आहेत, त्यातल्या काहींवर सही केली आहे. ठाऊक नसलेल्या गोष्टीची जागा अशी उघडी, स्वच्छ ठेवलेली मी फार क्वचित पाहिली होती. त्या मोकळ्या जागेवरून मी बोट फिरवलं. या पानाला ब्याण्णव टक्के यंत्राचं म्हणणारा कागद शेजारीच पडला होता.

दीपक सर तो कागद हातात घेऊन बसले होते. काटेकोर माणसाला एकदम मागं येता येत नाही. ते म्हणाले, मग सॉफ्टवेअर असं का सांगतंय? कुशाबाईंनी त्यांना उलट विचारलं, "सर, हे तपासणारं बी मशीनच हाय न्हवं? मग त्याला कुणी तपासलं?"

सरांनी कागदावरचा आकडा पुन्हा पाहिला. कुशाबाई म्हणाल्या, "तुमी लिवलेलं काय तरी घाला त्यात. जुनं. जे तुमीच लिवलं ह्ये तुमाला ठावं हाय असं."

सरांनी कपाटातून कॉलेजचा बारा वर्षांपूर्वीचा वार्षिक अंक काढला. त्यात कालव्याच्या पाण्यावरचा त्यांचा लेख होता. त्या काळात असला एआय कुणाच्या खिशात नव्हता. ऑफिसच्या संगणकावर त्यांनी लेखाची दोन पानं स्वतः टाइप केली. वीस मिनिटं गेली. मग त्यांनी बटण दाबलं.

अठ्ठ्याहत्तर टक्के.

सर खुर्चीवरून उठले. मग त्यांनी कुशाबाईंच्या प्रकल्पावरचा तो कागद उचलला, दोन तुकडे केले आणि टोपलीत टाकले. "चूक माझी आहे," म्हणाले. कुशाबाई संकोचल्या. चूक कुणाची नाही, मशीन नवं आहे, असं काहीसं पुटपुटल्या. पण मला तेवढ्यावर सुटता येत नव्हतं. मी त्यांना सांगितलं की सरांच्या आधी माझा विश्वास बसला होता, तुम्ही असं लिहूच शकणार नाही असं मला वाटलं होतं. त्यांनी माझ्याकडे शांतपणे पाहिलं.

"वाटणारच," म्हणाल्या. "पर इचारलं तुमी. न इचारता मार्क कापलं असतं तर काय केलं असतं मी?"

त्यानंतर केंद्राचे नियम बदलले. एआय वापरायला बंदी नाही, पण वापरलं तर ते सांगायचं आणि झालेलं बोलणं प्रकल्पाला जोडायचं. यंत्रानं सांगितलेली एकूण एक गोष्ट कुठं पडताळली ते समासात लिहायचं. शेवटी दहा मिनिटं समोर बसून आपल्या कामाबद्दल बोलायचं. तपासणीच्या सॉफ्टवेअरवरून कुणालाही दोषी धरायचं नाही. हे नियम दीपक सरांनीच लिहिले. त्या अकरा जणांना प्रकल्प नव्यानं करायला लावला, शिक्षा म्हणून नव्हे, या नव्या पद्धतीनं.

आणि एका रविवारी वर्ग कुशाबाईंच्या ताब्यात दिला. त्या फळ्याजवळ गेल्या, पदर सारखा केला आणि प्रत्येकानं एक शब्द बनवावा असं सांगितलं. कुठंच नसलेला. चाळीस फोन बाहेर आले. सुरुवातीला हशा चालला होता. मग हळूहळू खोली शांत होत गेली. कोऱ्हाळ्याच्या एका मुलीनं बनवलेल्या शब्दाला फोननं लग्नातला विधी ठरवलं होतं. कारखान्यात काम करणाऱ्या एकाच्या शब्दाला यंत्राचा सुटा भाग. जो तो आपल्या पडद्याकडे बघत होता. आपण आत्ता, या क्षणी बनवलेल्या गोष्टीला इतिहास, भूगोल, चालीरीती फुटताना बघणं हे विलक्षण होतं. भीतीही वाटत होती, आणि नजरही हटत नव्हती.

काही फोनांनी मात्र "हा शब्द मला आढळत नाही" असं उत्तर दिलं. ती मुलं जरा हिरमुसली. कुशाबाईंनी त्यांना ते उत्तरही लिहून घ्यायला लावलं. म्हणाल्या, "कबूल केलं तर तसं लिवा. त्याच्याबद्दल बी खोटं सांगू नगा." फळ्यावर त्यांनी दोन रकाने पाडले, आणि कुणाच्या फोननं काय केलं ते चाळीसही जणांचं मांडलं. मी शेवटच्या बाकावर बसून ते दोन्ही रकाने वहीत उतरवून घेतले. माझ्या शिक्षकी आयुष्यातली मी उतरवून घेतलेली ती सर्वांत कामाची टिपणं.

त्या वर्षी कुशाबाईंच्या वहीत दोनशे चौदा शब्द होते. आता ते काम एकटीचं राहिलेलं नाही. कोऱ्हाळ्याच्या मुलीनं तिच्या गावातल्या ऊसतोडीच्या बायकांचे शब्द आणले. पळसदेवच्या एका विद्यार्थ्यानं उजनीच्या पाण्यात जाळं टाकणाऱ्यांचे आणले. फोन प्रश्न विचारतो, माणसं उत्तरं देतात, दोन साक्षी असल्याशिवाय शब्द वहीत चढत नाही. हा दंडक कुशाबाईंनी घातलेला, तो मोडायची कुणाची हिंमत होत नाही. इंदापूरच्या एका कॉलेजनं ही पद्धत मागवून घेतली. तिथं प्राध्यापकांसमोर बोलायला कुशाबाई गेल्या तेव्हा प्रगतीनं दवाखान्यातल्या नोकरीवरून सुट्टी काढली होती. ती पहिल्या रांगेत बसून सासूचा फोटो काढत होती आणि मधेच फोटो काढायचं विसरून नुसतीच ऐकत होती.

मागच्या जूनमध्ये त्यांनी एम.ए.चा अर्ज भरला. विषय, भाषाशास्त्र. पिंपळीत कुणाला तो उच्चारता येत नाही असं त्या हसत सांगतात.

परवा सकाळी सात वाजता त्यांचा फोन आला. मागं मोटारीचा आवाज येत होता, दोडक्याला पाणी चाललं असावं. त्यांना विचारायचं होतं की एखादी गोष्ट सगळे करतात पण तिला शब्द नसतो, असं जगातल्या इतर भाषांत पण असतं का, आणि असलं तर त्याचा अभ्यास कुणी केला आहे का. मी क्षणभर थांबले. काहीतरी सांगता आलं असतं, अर्धवट वाचलेलं, ऐकीव. मग म्हणाले, "कुशाबाई, मला माहीत नाही."

"बरं," त्या म्हणाल्या. "मग आइतवारी ग्रंथालय कवा उघडतंय ते इचारून ठिवा. मी पाणी झाल्यावर येते."